खराट्याची तार

खराटा जुना, काड्या झडलेल्या,
गळ्याशी आवळलेली तार मात्र शाबूत.
सोडवताना बोट कापलं.
लुटीशाआत्या खुर्चीतून म्हणाली,
"घेतलं तिनं तिचं. आता देईल."

एक्क्याऐंशीची आहे ती. दिसत नाही फारसं.
सहा वर्षांची असताना तिनं अशीच तार
यझूकाठच्या घरात बाहेरच्या भिंतीला ठोकली होती,
आणि मग आईनं तिला ठोकलं होतं.
घर मालकाचं, भिंत मालकाची,
खिळेसुद्धा मोजलेले.

मी भिंतीला हात लावला नाही. फळी आणली,
माशांच्या खाद्याच्या गोदामातली,
अजून वास मारणारी.
दोन टोकांना दोन खिळे,
इकडे कॉफीचा उपडा डबा,
तिकडे औषधाची बाटली तारेखाली सारलेली.
ती जितकी सारावी तितकी तार ताणते.
चार फूट लाकूड आणि एक तार.
यात न जमण्यासारखं काय आहे?

सगळंच.

बाटलीचा गळा कापायचा म्हणजे
रॉकेलमधला दोरा गुंडाळायचा, पेटवायचा,
आणि गार पाण्यात बुडवायची.
तीन फुटल्या. चौथीचा निघाला, वाकडा,
काठ करवतीसारखा.
आत्यानं तो पायरीच्या सिमेंटवर दोन दिवस घासायला लावला.

पहिल्या आठवड्यात तार तुटली, हनुवटीवर वळ.
दुसऱ्यात मी काच दाबून धरायचो,
जणू तार पळून जाणार आहे.
"इस्त्री करतोयस का? नुसती टेकव."
ब्लूज म्हणतात ते हे नव्हे, असंही ती म्हणाली,
ही दाराची बिजागरी आहे, तेल घाल.
शेजारची अर्डेलिया मी बसलो की कुत्र्याला आत घेते,
मोठ्यानं हाक मारून,
म्हणजे मलाही कळावं.

मग मी फळीवर पेन्सिलीनं खुणा केल्या.
आत्याला दिसत नाही, तरी कळलं.
"पूस त्या. पायऱ्या चढल्यासारखं वाजवतोयस,
थांबत थांबत. घसर जरा."

थांबत थांबतच तर आलोय इथवर.
ब माझ्या ओठांशी येतो
आणि आतून कडी लावून घेतो.
नाव बरेल.
शाळेत हजेरीला बाई थोडा वेळ थांबायच्या,
मग पुढचं नाव घ्यायच्या.
बँकेत कागदावर लिहून देतो.
चौतीस वर्षं रात्रपाळी मागून घेतली,
तळ्यांवर फिरायचं,
पाण्यातला प्राणवायू मोजायचा, आकडा टिपायचा.
मासे कुणाचं नाव विचारत नाहीत.

तारेला व्यंजनं नसतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
नुसते स्वर.
अ पासून ए पर्यंत सलग उतार,
मधे फाटक नाही,
फाटकाशी वही घेऊन कुणी उभं नाही.

परवा रात्री, अडीचच्या फेरीआधी,
पडवीत बसून
वाजवत असा नव्हतोच,
काच सरकवत होतो.
खालून वर, मग किंचित मागे.
अ, तिथून ए,
आणि शेवटी डबा थरथरतो ते
ल म्हणायला हरकत नाही असं काहीतरी.
परत एकदा.
परत.

आतून आत्या म्हणाली,
"कोण रे हाक मारतंय चराच्या पलीकडून?
जा, बघ. केव्हाचा उभा आहे बिचारा."

मी सांगणार होतो. ब
मग विजेरी घेतली आणि गेलो.

तळ्यावर हवेची चक्रं फिरत होती,
पाणी उडवत, कुणासाठी न थांबता.
चराच्या पलीकडे कापूस, अजून बोंडात.
माणूस नव्हता.

तरी विजेरी मी त्या बाजूला
बराच वेळ धरून ठेवली.
अडीचची फेरी त्या दिवशी
तीनला झाली. वहीत तसं लिहिलंय.